लाल ठिपक्याची काडतुसं

बंदूक मी हौसेनं शिकले नाही. आमच्या घरात हौसेनं कुणी काही करतच नसे. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, हसायच्या तेसुद्धा कामापुरतं. पण आता माझी नात मैत्रिणींना सांगते, "आमची आजी बंदूक चालवायची", आणि त्या पोरींच्या तोंडावर जे कौतुक येतं त्याचा मला मनापासून राग येतो. त्यांना काय घडलं ते माहीत नाही. घरातही आता माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. म्हणून एकदाचं लिहून टाकते.

शिरूरपासून दोन-अडीच मैलांवर, घोडनदीच्या काठाला आमची वस्ती होती. वस्ती म्हणजे एकच घर, एक गोठा, मेंढरं कोंडायचा रिकामा वाडगा आणि ओट्यासमोर विहीर. मेंढरं घेऊन पार कोकणापर्यंत फिरणारं हे घराणं. आबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, जमीन धरली आणि ते एका जागी बसले. पण गावात राहणं काही त्यांना मानवलं नाही. "गावात भितीला भीत लागती, जीव गुदमरतो," म्हणायचे. आमचे हे दौंडला रेल्वेत, इंजिनात कोळसा मारायच्या कामावर. ड्यूटी लागली की दोन-दोन, तीन-तीन दिवस तोंड दिसायचं नाही. म्हणजे वस्तीवर राहिलो आबा, आत्याबाई आणि मी.

बहात्तरच्या दुष्काळाआधीचा उन्हाळा. आदल्या वर्षीही पाऊस धड झाला नव्हता. नदीत वाळू आणि डबकी. त्यातच आमच्या वरच्या अंगाच्या वस्तीवर दरोडा पडला. म्हातारीच्या बुगड्या ओरबाडल्या, कानाच्या कडेसकट. म्हातारा दारात आडवा आला तो जागीच गेला. कोण होते ते, हे शेवटपर्यंत कळलं नाही, आणि कळलं नाही म्हणून ज्याला त्याला हवं त्याचं नाव घेता यायला लागलं. वाळूत पालं ठोकणारे, कामाच्या शोधात फिरणारे, ज्याला घर नाही तो दरोडेखोर. दोन पिढ्यांमागं आमचंही पालच होतं, याची आबांना कुणी आठवण करून दिली नाही. मीही नाही.

आबांनी दुनळी बंदूक घेतली. लायसन्स मिळालं, बंदूक आली, आणि मग घरातल्या सगळ्यांना एकदम लक्षात आलं की आबांना दिसत नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. दारातली म्हैस आणि दारातला पाहुणा यांतला फरक त्यांना आवाजावरून कळायचा. हे ते स्वतः कधी कबूल करत नसत. "अंधुक दिसतंय जरा," एवढंच. मग तालुक्याच्या कचेरीत लायसन्सवर आबांच्या खाली माझं नाव चढवलं. कारकुनानं दोनदा मान वर करून विचारलं, "ह्या चालवणार?" आबा म्हणाले, "मग काय तुमी येनार का राखनीला?"

मला कुणी विचारलंच नाही. पण मीही काही गरीब गाय नव्हते. मी यांना सांगितलं, बंदूक हातात धरीन, पण माझ्या हातून माणूस मरता कामा नये. वरच्या वस्तीवर मी गेले होते. उंबऱ्यात सांडलेलं मी बघितलं होतं. तसं काही माझ्या हातानं व्हावं, समोरचा चोर का असेना, हे मला नको होतं. बाकी सगळं करीन म्हणाले.

यांनी मग दौंडहून एका माणसाला आणलं. साठीच्या आसपासचे, वाळलेले, मिशी नीट कातरलेली. उभा जन्म लष्कराच्या कारखान्यात बंदुका दुरुस्त करण्यात गेला होता आणि आता दौंडला घरीच लायसन्सवाल्यांची काडतुसं भरून द्यायचे. त्यांच्या घरानं बाबासाहेबांबरोबर धम्म घेतलेला. आम्ही त्यांना मामा म्हणत असू. मामा म्हणत असू आणि आत्याबाई त्यांच्या चहाचा कप वेगळा, गोठ्याच्या वळचणीला ठेवत. मामांना ते पहिल्या दिवशीच कळलं. दुसऱ्या खेपेपासून ते चहा घ्यायचेच नाहीत. "आत्ताच झाला" म्हणायचे. मला लाज वाटायची, पण तो कप मी वळचणीतून काढून आतल्या फळीवर ठेवला असं काही झालं नाही.

अडचण काडतुसांची होती. दुकानातली, मोठ्या गोळ्यांची, माणूस अडवायची काडतुसं महाग, आणि लायसन्सवर मिळायची ती मोजकी. ती सरावात उडवली तर वेळेला हातात काय राहणार? म्हणून मामांनी आधी हलकी काडतुसं भरून आणली. उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या नळकांड्या, त्यांत थोडी दारू आणि बारीक छर्रा. छर्रा ते स्वतःच भंगारातलं शिसं वितळवून पाडायचे. शिसं आणता कुठून विचारलं तर म्हणायचे, "रेल्वेचं न्हाई, भिऊ नका."

नदीच्या कोरड्या पात्रात, दरडीला कडब्यानं भरलेलं बारदान टेकवून मी शिकले. महिन्याभरात बारदानाच्या मधोमध बार बसायला लागला. यांनी कौतुक केलं, मला थोडा माजही चढला. मग एक दिवस मामांनी दुकानातलं एक खरं काडतूस माझ्या हातात दिलं.

खांद्यावर कुणी कुऱ्हाडीचा बोथट तुंबा घातला असं वाटलं. मी दोन पावलं मागं गेले आणि बार बारदानावरून दरडीवरच्या बाभळीत गेला. दुसऱ्या वेळेला तर चाप ओढायच्या आधीच माझे डोळे मिटले. खांदा निळा झाला, त्याचं दुःख नव्हतं. पण त्या दिवसापासून हलक्या काडतुसालाही मी डोळे मिटायला लागले.

"माजं चुकलं," मामा म्हणाले. "हलक्यावर शिकलं की हात खोटं शिकतो, बाई. सरावाचं काडतूस खऱ्याचं सख्खं भाऊ पायजे. लाथ तीच, वजन त्येच, बार बसंल ती जागाबी तीच."

आणि मग त्या माणसानं जे काम केलं तसं काम मी पुन्हा पाहिलं नाही. खऱ्या काडतुसाचे दोन बार त्यांनी जुन्या वर्तमानपत्राच्या चिकटवलेल्या कागदांवर काढून घेतले आणि ते कागद घडी घालून पिशवीत ठेवले. त्या कागदांना ते 'मास्तर' म्हणायचे. मग दर आठ-पंधरा दिवसांनी नव्या भरणीची चार काडतुसं घेऊन दौंडहून यायचे. मी उडवायची, ते कागद मास्तरशेजारी वाळूवर अंथरून उकिडवे बसायचे. बार किती वर लागला, किती डावीकडं सरकला, हे बोटांनी मोजायचे. मग माझ्याकडं वळून विचारायचे, "खांदा काय म्हनतो?" दारू किती, छर्रा किती, हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. भरणी चुकली की शिव्या द्यायचे त्या मात्र स्वतःलाच.

आषाढ कोरडा गेला. श्रावणात आभाळ नुसतं यायचं आणि जायचं. लोक जनावरं बाजारात नेत होते आणि आम्ही नदीत कागद टांगत होतो. आजूबाजूला काहीतरी वाईट जमा होत चाललंय असं मला रोज वाटायचं, पण ते नेमकं कुठून येणार ते कळत नव्हतं. मी सारखी वरच्या वाटेकडं बघायची.

श्रावण सरता सरता ते जमलं. मामांनी मला पाठमोरी उभं केलं, स्वतः काडतूस भरलं आणि बंदूक हातात दिली. मी बार काढला. पुन्हा तसंच. "यातलं खरं कंचं?" त्यांनी विचारलं. मला सांगता आलं नाही. खांद्यालाही कळलं नाही. नुसत्या वाळूकडं बघत ते इतके खूश झाले की मला क्षणभर त्यांची भीती वाटली. फरक फक्त कागदावर दिसत होता. खऱ्याची मोजकी मोठी भोकं, सरावाच्याची बारीक बारीक पुष्कळ. पण मध्य एकच.

तेव्हा मी त्यांना माझी अट सांगितली. आबा शेजारीच काठी टेकून उभे होते. मी म्हणाले, वेळ आलीच तर उजव्या नळीत हे बारीक छऱ्याचं घालीन, डाव्या नळीत खरं. पहिला बार बारीक छऱ्याचा. त्यानं चोर पळून जातील. दुसऱ्याची वेळच येऊ नये. "बारक्यानं माणूस मरत नाही ना, मामा?"

मामांनी आबांकडं पाहिलं. आबा म्हणाले, "कातडं सोलतंय निस्तं. बोंबलत पळतो मानूस."

"लांबनं न्हाई मरत," मामा म्हणाले आणि कागद गोळा करायला वाकले.

लांबून म्हणजे किती, हे मी विचारलं नाही. मला हवं ते उत्तर मिळालं होतं. त्या रात्री मी कितीतरी दिवसांनी नीट झोपले.

काडतुसं ओळखायची खूण मामांनीच ठरवली. नळकांडी एकाच जातीची, वजन एकच, कानाशी हलवलं तरी दोन्ही गप्प. काडतुसाच्या तोंडावर पुठ्ठ्याची गोल चकती असते. दुकानातल्याच्या चकतीवर बारीक छापील आकडा होता. मामा आपल्या चकतीवर लाल शाईचा ठिपका द्यायचे. लाल म्हणजे सरावाचं. लहान पोराला कळेल इतकं सोपं. सगळी एका पत्र्याच्या डब्यात, डबा आबांच्या खाटेखाली.

पुढं खंडेनवमी आली.

पीक नव्हतं, तरी पूजा ती पूजा. त्या दिवशी मी सकाळपासून टँकरच्या वाटेवर रांगेत होते; विहिरीला हाताभर पाणी उरलेलं, तेही पिण्यापुरतं जपत होतो. दुपारी परतले तर आत्याबाईंनी ओटा सारवून हत्यारं मांडली होती. विळे, खुरपी, कुऱ्हाड, मेंढरांची लोकर कातरायची जुनी कात्री, मधोमध बंदूक. आणि बंदुकीपुढं, पाटावर, डब्यातली सगळी काडतुसं एका ओळीत उभी. प्रत्येकाच्या डोक्यावर हळदीचं एक बोट, कुंकवाचं एक बोट. ओली हळद, ओलं कुंकू. आत्याबाई म्हणाल्या, "औंदा ह्यांनीच राखायचं हाय आपल्याला. एकालाबी वगळलं न्हाई बग."

लाल ठिपका कुठला आणि कुंकू कुठलं, काही कळेना. मी पदराचं टोक ओलं करून एक पुसलं. कुंकवाबरोबर खालची चकतीच लाल होऊन गेली. दुसरं जरा जोरात पुसलं, तर छापील आकडा असेल-नसेल तोही पुसला गेला. घाईघाईत मी उरलेलीही पुसली आणि सगळीच एकसारखी गुलाबी करून ठेवली. आत्याबाईंचा काय दोष? त्यांनी देवाला लावावं तसं लावलं. आणि मामांचाही नव्हता. त्यांच्या घरातून हळद-कुंकू, हत्यारांच्या पूजा कधीच गेल्या होत्या. लाल ठिपका त्यांच्या लेखी नुसता लाल ठिपका होता. आमच्या घरात खंडेनवमीला तो कुठं जाईल हे त्यांच्या मनात यायचं कारण नव्हतं. माझ्या मनात यायला हवं होतं. या घरातली खंडेनवमी मी दरवर्षी पाहत होते.

मी आबांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आत्याबाईंना त्यांनी आठवडाभर फाडून खाल्लं असतं. मामा आले की उघडून घेऊ असा विचार केला. पण दसरा झाल्या झाल्या मामांना दम्यानं धरलं आणि त्यांचं येणं थांबलं. ह्यांच्याकडून निरोप धाडायचा तर ह्यांनाही सांगावं लागलं असतं. मी डबा खाटेखाली सरकवला आणि गप्प बसले. बारा काडतुसं. रोज केर काढताना केरसुणी त्या डब्याला लागायची आणि माझा हात थबकायचा. माझ्या अटीचं काय झालं, हे मला पक्कं ठाऊक होतं. पहिला बार कसला निघणार हे आता मला सांगता येत नव्हतं.

पौषात थंडी पडली. त्या दिवशी दिवस मावळायला आला होता. आत्याबाई चुलीपुढं, आबा ओट्यावर. कुत्रं नदीच्या अंगाला तोंड करून जीव खाऊन भुंकत सुटलं आणि मग एकदम गप्प झालं. वरच्या वस्तीवरही असंच झालं होतं. कुत्र्याला भाकरीचा तुकडा टाकला होता म्हणे. मी बाहेर येऊन पाहिलं. दरडीवरून सहा-सात माणसं चढून येत होती. डोक्यावरून घोंगड्या, तोंडाला डोळ्यांपर्यंत फडकी, हातात पहारी. एकही बोलत नव्हतं. वाट सोडून सरळ आमच्या अंगावर येत होती.

"कोन हाय रं?" आबा ओरडले. वारं नदीकडून आमच्याकडं होतं. उत्तर आलं नाही.

मी आत जाऊन बंदूक काढली. खाटेखालचा डबा ओढला, हाताला लागली ती दोन काडतुसं घातली आणि ओट्याच्या खांबाला टेकून उभी राहिले. हात अजिबात कापत नव्हते. मामांनी शिकवलं होतं ते सगळं आपोआप होत होतं. दस्ता खांद्यात, गाल दस्त्यावर, डोळे उघडे. तोवर ती माणसं विहिरीपाशी पोचली होती. पुढच्याच्या छातीवर मी नळी धरली.

"हाण," आबा म्हणाले. "पयला बार हाण, मग बगू कोन हाय ते."

मला दया आली असं लिहायला मला आवडलं असतं. आली नाही. माझ्या मनात एकच होतं, उजव्या नळीत काय आहे? बारीक असेल तर आत्ता मारते. खरं असेल तर? बोट चापावर होतं आणि मी काडतुसांच्या चकत्या आठवायचा प्रयत्न करत होते, जशा काही त्या डोळ्यांपुढं आल्या तर कळणार होतं. आबा पुन्हा ओरडले. आतून आत्याबाईंनी दाराला अडसर घातल्याचा आवाज आला. मी ओट्यावर आणि दार बंद.

तेवढ्यात पुढच्या माणसानं तोंडावरचं फडकं खाली ओढलं. बाई होती. हनुवटीवर गोंदण. "हिरीला पानी हाय का वो, बाई?" ती म्हणाली. "दिसभर दगुड फोडतोय, निस्ती धूळ बसलीय घशात." आणि मग तिला नळी दिसली. तिनं हात वर केले नाहीत, पळालीही नाही. पाठीवरची घोंगडी तिनं पुढं ओढून घेतली. तेव्हा मला दिसलं की घोंगडीत लेकरू बांधलेलं आहे.

मी बंदूक खाली केली. दुष्काळी कामावरची माणसं होती. त्याच दिवशी त्यांचं खडी फोडायचं काम आमच्या अंगाला सरकलं होतं. दगडाच्या धुळीपायी तोंडाला फडकी, थंडीपायी घोंगड्या, आणि हत्यारं ठेवायला जागा नाही म्हणून पहारी हातात. आबांची पहिली हाक उलट्या वाऱ्यापायी त्यांच्यापर्यंत गेलीच नव्हती. कुत्रं गप्प का झालं, तर लेकराच्या हातातला भाकरीचा तुकडा त्याच्यापुढं पडला होता. आत्याबाईंनी दार उघडून त्यांना घागर दिली. आबा बराच वेळ "कोन हाय? कोन हाय?" विचारत राहिले.

दुसऱ्याच आठवड्यात मी यष्टीनं दौंडला गेले. ती दोन काडतुसं पदरात वेगळी बांधली होती, उजवं उजवीकडच्या गाठीत, डावं डावीकडच्या. मामा खाटेवर बसून होते, श्वास वाजत होता. मी सगळं सांगितलं, कुंकवाचं, वस्तीवरचं. त्यांनी उजव्या गाठीतलं काडतूस घेतलं आणि चाकूनं तोंड कापून थाळीत ओतलं.

बारीक छर्रा होता.

मी मोठा श्वास सोडला. हसलेच मी. "म्हणजे मी चाप ओढला असता तरी काही झालं नसतं, मामा. उगाच जिवाला घोर लावला."

मामा हसले नाहीत. "हिरीपासनं वटा किती?" त्यांनी विचारलं.

"दहा-बारा पावलं."

ते उठले, भिंतीला धरत मागच्या खोलीत गेले आणि आंब्याच्या लाकडाची एक फळी घेऊन आले. फळीत एकच भोक होतं, माझी मूठ जाईल एवढं, आरपार. "ह्ये बारक्याचंच हाय," ते म्हणाले. "तेवढ्याच अंतरावरनं. इतक्या जवळनं छर्रा फाकत न्हाई, बाई. एकच गोळा हून जातो. लांब गेल्यावर सुटा हुतो, तवा मग कातडं सोलतंय."

मी भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. लाकडाच्या चिळप्या निघाल्या होत्या.

"तुम्ही मला का नाही सांगितलं?"

"आबा म्हनले, नका सांगू. तुमचं मालकबी म्हनले. कळलं तर ती हात लावायची न्हाई, आन् घर उघडं पडंल." जरा थांबून ते म्हणाले, "म्या 'लांबनं' म्हनलो हुतो. पर तुमी इचारलं न्हाई आन् म्या पुढं बोललो न्हाई. माजा दोष हाय त्यो."

त्यांनी तिथून पुढं बरंच काही सांगितलं, पण माझ्या कानात शिरलं नाही. यष्टीत मी एकच हिशेब मांडत होते. मी ज्या काडतुसाच्या भरवशावर बंदूक हातात घेतली ते खऱ्याइतकंच मारणारं होतं, आणि हे माझ्याशिवाय घरातल्या दोन्ही पुरुषांना माहीत होतं. यांच्यावर मी त्या रात्री जेवढी ओरडले तेवढी आयुष्यात कधी ओरडले नाही. आबा मात्र शांतपणे म्हणाले, "सांगितलं असतं तर हात लावला असतास का?"

"नसता."

"मग," आबा म्हणाले आणि कुशीवर वळले.

बंदूक खुंटीला गेली. मी पुन्हा हात लावणार नाही म्हटलं. डबा खाटेखालीच राहिला.

हनुवटीवर गोंदण असलेली बाई रोज संध्याकाळी घागर घेऊन यायची. पहिले काही दिवस आम्ही बोललो नाही. मग एक दिवस पाणी शेंदता शेंदता तिनं आपणहून विषय काढला. लेकरू विहिरीच्या कठड्याला धरून उभं राहायला शिकत होतं. ती म्हणाली, "त्या दिशी तुमी बंदूक खाली केली. तुमचं म्हातारं हाण हाण म्हनत हुतं, ते मला मागनं उमगलं. माज्या मालकाला सांगितलं म्या, मानूस चांगलं हाय म्हनून. म्हातारं म्हनलं तवा का न्हाई मारली वो?"

मला खोटं बोलता आलं असतं. लेकरू दिसलं म्हणून, म्हणाले असते तर दोघींनाही बरं वाटलं असतं. पण घरातल्या खोट्यानं मी इतकी किटले होते की तोंडातून खरंच निघालं. "काडतुसं मिसळली होती," मी म्हणाले. "नळीत कुठलं आहे ते मला कळत नव्हतं."

ती दोर धरून थांबली. घागर निम्म्यात लोंबत राहिली.

"आन् कळलं असतं तर?"

"तर मारलं असतं," मी म्हणाले.

तिनं घागर वर ओढली, सावकाश, पाणी न सांडता. कठड्याला धरून उभ्या लेकराला उचलून काखेत घेतलं आणि गेली. पुढं काम तिथून हलेपर्यंत घागर घेऊन दुसरीच बाई यायची. गोंदणवाली लेकराला घेऊन लांब दरडीवर थांबायची, आणि मी ओट्यावर आले की तोंड फिरवून उभी राहायची.